उत्पन्न आणि कर्तव्य यांची फारकत : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ची घरमालकाच्या दृष्टीतून चिकित्सा

सारांश

भाडेनियंत्रणाच्या कायद्याची चर्चा महाराष्ट्रात बहुधा घरमालक विरुद्ध भाडेकरू अशा संघर्षाच्या परिभाषेत होते. प्रस्तुत लेखात ही परिभाषा बाजूला ठेवून कायद्याच्या अंतर्गत रचनेचा विचार केला आहे. इमारतीपासून मिळणारे उत्पन्न आणि इमारत राखण्याचे कर्तव्य या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडल्या गेल्या, हा या कायद्याचा मूलभूत दोष होय, असे प्रतिपादन येथे केले आहे. १९४७ च्या कायद्यातील हा दोष १९९९ च्या अधिनियमाने सौम्य केला, परंतु दूर केला नाही. जुन्या चाळींचे व वाड्यांचे मालक आणि गुंतवणूक म्हणून सदनिका भाड्याने देणारे नवे मालक या दोघांपुढील आर्थिक व व्यावहारिक प्रश्न या एकाच दोषातून निघतात.

बीजसंज्ञा : प्रमाण भाडे, पागडी, उपकरप्राप्त इमारत, अनुज्ञप्ती, दुरुस्ती, भाडे उत्पन्न.

प्रस्तावना

मराठी साहित्यात चाळ आली ती प्रामुख्याने भाडेकरूच्या डोळ्यांनी. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) या पुस्तकाने चाळीचे सामूहिक जीवन मराठी वाचकाच्या मनात कायमचे ठसवले. या जीवनाचा ओलावा, त्यातील भांडणे आणि सण-समारंभ यांचे चित्रण पुढेही होत राहिले. घरमालक मात्र या चित्रात क्वचितच माणूस म्हणून उभा राहतो. तो भाडे मागणारा, दुरुस्ती टाळणारा आणि नोटीस पाठवणारा एवढाच असतो. ही प्रतिमा सर्वस्वी खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे आणि कायद्याच्या रचनेमागेही हीच अपुरी प्रतिमा उभी असल्याचे दिसते.

वास्तवात 'घरमालक' हा एकजिनसी वर्ग नाही. गिरगावातील चाळ वारसाहक्काने वाट्याला आलेली विधवा, पुण्याच्या पेठेतील वाड्याचे सात-आठ सहहिस्सेदार, एखादा धर्मादाय विश्वस्त निधी, निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतून दुसरी सदनिका घेणारा शिक्षक आणि मोक्याच्या भूखंडांवर नजर ठेवून इमारती विकत घेणारा धनिक हे सर्व कायद्याच्या दृष्टीने 'घरमालक'च होत. भाडेकरूंच्या बाबतीतही तेच म्हणता येईल. हे भेद न पाहणारा कायदा न्याय कसा करणार, हा या लेखामागील मुख्य प्रश्न आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबईतील भाडेनियंत्रणाचा उगम युद्धकालीन टंचाईत आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, भाड्यांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९३९ आणि १९४४ मध्ये पुन्हा तशी पावले उचलली गेली. स्वातंत्र्याच्या वर्षी मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ संमत झाला व फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. फाळणीनंतरचे स्थलांतर आणि गिरण्यांमुळे शहराकडे येणारा श्रमिकांचा ओघ पाहता या कायद्याची गरज त्या काळी निर्विवाद होती.

या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे सर्वसाधारणपणे 'प्रमाण भाडे' मानले. कायदा तात्पुरता होता, परंतु त्याची मुदत वारंवार वाढवली गेली. तात्पुरता उपाय अशा रीतीने कायमची व्यवस्था बनला आणि भाडे मात्र १९४० च्या पातळीलाच खिळून राहिले. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या अनुज्ञप्तीधारकांनाही भाडेकरूचा दर्जा दिला. विश्वासाने जागा वापरायला देणाऱ्या मालकाला एका रात्रीत कायमचा भाडेकरू मिळाला. या तरतुदीने मालकवर्गाच्या मनात जी धास्ती निर्माण केली तिची छाया आजच्या व्यवहारांवरही आहे.

गोठवलेल्या भाड्याचा प्रश्न 'मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९ डिसेंबर १९९७ च्या निर्णयात न्यायालयाने म्हटले की, प्रारंभी वाजवी असलेली तरतूदही काळाच्या ओघात अवाजवी व मनमानी ठरू शकते आणि भाडे गोठवण्याच्या तरतुदी तशा ठरल्या आहेत. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपत असल्याने न्यायालयाने त्या तरतुदी तत्काळ रद्द केल्या नाहीत. सुधारित कायदा करणे मात्र राज्याला अपरिहार्य झाले. त्यातून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ साकारला व ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. पश्चिम महाराष्ट्रातील १९४७ चा कायदा, विदर्भातील १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश आणि मराठवाड्यातील १९५४ चा हैदराबाद कायदा या तिन्हींची जागा एका कायद्याने घेतली, ही त्याची मोठी उपलब्धी मानावी लागेल.

प्रमाण भाडे आणि दुरुस्ती : एका गणिताची चिकित्सा

नव्या अधिनियमाने प्रमाण भाड्यासाठी १ ऑक्टोबर १९८७ हा दिनांक स्वीकारला. त्यापूर्वी भाड्याने दिलेल्या जागांच्या भाड्यात एकदाच पाच टक्के वाढ दिली आणि त्यानंतर दरवर्षी चार टक्के वाढीचा हक्क मालकाला दिला. वाढीव स्थानिक कर भाडेकरूकडून वसूल करण्याची तसेच विशिष्ट सुधारणांसाठी भाडे वाढवण्याची मुभाही त्यात आहे. १९४७ च्या कायद्याच्या तुलनेत ही प्रगती होय. तथापि टक्केवारी ज्या मूळ रकमेवर लावायची ती रक्कमच नगण्य असेल तर टक्केवारीला अर्थ उरत नाही.

उदाहरणादाखल, १९८७ मध्ये १०० रुपये भाडे असलेली खोली घेऊ. पाच टक्के वाढीने २००० साली भाडे १०५ रुपये झाले. त्यावर सलग पंचवीस वर्षे चार टक्के वाढ, तीही मालकाला अनुकूल अशा चक्रवाढ पद्धतीने, धरली तरी २०२५ मध्ये ते सुमारे २८० रुपये होते. अशा वीस खोल्यांच्या चाळीचे मासिक उत्पन्न ५,६०० रुपये आणि वार्षिक उत्पन्न ६७,२०० रुपये भरते. या रकमेत चाळीचा एक झाडूवालाही पूर्ण पगारावर ठेवता येणार नाही. छपराची गळती थांबवणे किंवा कुजलेल्या तुळया बदलणे ही तर दूरची गोष्ट.

याच अधिनियमाचे कलम १४ मात्र, विरुद्ध करार नसल्यास, जागा राहण्यायोग्य स्थितीत राखण्याचे कर्तव्य घरमालकावरच टाकते. त्याने ते पार पाडले नाही तर नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करण्याचा आणि तो खर्च मर्यादेत भाड्यातून वळता करून घेण्याचा हक्क भाडेकरूला आहे. परंतु २८० रुपयांतून वळते ते काय करायचे? येथे कायद्याचा अंतर्विरोध उघड होतो. एक कलम उत्पन्न रोखते आणि दुसरे कलम त्या उत्पन्नाबाहेरचा खर्च मालकाच्या माथी मारते. दोन्ही कलमे स्वतंत्रपणे न्याय्य वाटतात, पण एकत्र वाचली असता ती अंमलात आणणे अशक्य ठरते. मालकाचे कर्तव्य कागदावर राहते, भाडेकरूचा हक्कही कागदावर राहतो आणि या दोहोंच्या मधली किंमत इमारत मोजते.

आयकराच्या रचनेतही या प्रश्नाकडे लक्ष दिलेले दिसत नाही. घरभाड्याच्या उत्पन्नातून मालकाने भरलेला महापालिका कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, मग दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च कितीही असो. वरील चाळीत कर वजा जाता ५२,२०० रुपये उरले असे मानले तर वजावट १५,६६० रुपयांची आणि करपात्र उत्पन्न ३६,५४० रुपयांचे होईल. त्या वर्षी मालकाने पदरचे तीन लाख रुपये घालून जिना बांधला असला तरी हे गणित बदलत नाही. ज्याने काहीच दुरुस्ती केली नाही त्यालाही तीच वजावट मिळते. म्हणजे एका कायद्याने दुरुस्ती अशक्य केली आणि दुसऱ्याने ती अनाकर्षक केली.

शासनाचा हस्तक्षेप आणि त्याच्या मर्यादा

इमारती मोडकळीस येत आहेत याची जाणीव शासनाला फार पूर्वी झाली होती. १९६९ च्या कायद्याने मुंबईत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले आणि जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवण्यात आला. प्रारंभी अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यांपैकी बहुसंख्य १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या होत्या. पुढे हे काम म्हाडाकडे आले. या हस्तक्षेपाचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. भाडे गोठवल्यावर मालक दुरुस्ती करू शकणार नाही, हे शासनाने त्यातून अप्रत्यक्षपणे मान्यच केले. परंतु दुरुस्तीच्या खर्चावर मर्यादा होती आणि ही व्यवस्था मुंबई शहर बेटापुरतीच होती. पुणे, नाशिक वा कोल्हापूर येथील वाड्यांना असा कोणताही आधार मिळाला नाही.

गोठवलेल्या भाड्याची झळ स्थानिक स्वराज्य संस्थांनाही बसली. मालमत्ता कर भाडेमूल्यावर आकारला जात असे आणि हे मूल्य प्रमाण भाड्यापेक्षा अधिक धरता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 'दिवाण दौलतराय कपूर' खटल्यात १९७९ मध्ये अधोरेखित केले. त्यामुळे शहरातील अत्यंत मोक्याच्या इमारतींकडूनही अल्प कर मिळत राहिला. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित करप्रणाली आली, ती या पार्श्वभूमीवर.

१९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण जोडण्यात आले. त्यानुसार उपकरप्राप्त इमारतीतील भाडेकरूंच्या सहकारी संस्थेसाठी इमारत संपादित करता येते आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मिळते. वरील उदाहरणातील खोलीपोटी ही रक्कम २८,००० रुपये होते. गोठवलेले भाडे हेच येथे नुकसानभरपाईचे माप बनले, म्हणजे पहिला अन्याय दुसऱ्याचा पाया ठरला. या तरतुदीला आव्हान देणाऱ्या 'प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन' खटल्यातील घटनात्मक प्रश्नाचे उत्तर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिले. प्रत्येक खासगी मालमत्ता ही अनुच्छेद ३९ (ख) मधील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही, असा बहुमताचा निष्कर्ष होता. सुमारे तीन दशकांहून अधिक काळ चाललेल्या या वादात किती मालक आणि किती भाडेकरू कालवश झाले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

दरम्यान इमारती पडत राहिल्या. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. प्रत्येक दुर्घटनेची कारणे निराळी असतात आणि सर्वांचे खापर एकाच कायद्यावर फोडणे अशास्त्रीय ठरेल. तरीही ज्या इमारतीच्या देखभालीसाठी उत्पन्नाची तरतूदच नाही ती इमारत दर पावसाळ्यात रहिवाशांच्या जिवाशी खेळते, हे नाकारता येत नाही.

भाडेकरूची बाजू आणि पागडीचा पेच

या चिकित्सेची दुसरी बाजू मांडणे आवश्यक आहे. भाडेकरू फुकट राहतो, हा मालकांचा आक्षेप अनेकदा अर्धसत्य असतो. अनेक भाडेकरूंनी जागेत प्रवेश करताना पागडीच्या रूपाने मोठी रक्कम दिलेली आहे. १९४७ च्या कायद्याने पागडी हा गुन्हा ठरवला होता. तरीही ती सर्रास चालू राहिली आणि १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५६ ने तिला मान्यता दिली. भाडेहक्काच्या हस्तांतरणाच्या वेळी प्रथेनुसार मालकालाही त्यातील हिस्सा मिळतो. त्यामुळे मालकाचे उत्पन्न केवळ मासिक भाड्यावरून मोजणे योग्य नाही.

परंतु याच व्यवस्थेतून एक विकृत प्रलोभन निर्माण होते. भाडेकरू राहिला तर मालकाचा तोटा आणि गेला तर लाभ, अशी ही रचना आहे. इमारत जितकी जीर्ण तितका पुनर्विकास जवळ, हे समीकरण एकदा पक्के झाले की दुरुस्ती टाळणे हाच मालकाच्या दृष्टीने शहाणपणाचा मार्ग ठरतो. काही मालकांनी तो जाणीवपूर्वक पत्करला आहे आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. मात्र प्रामाणिक मालकाला तोटा आणि निष्काळजी मालकाला नफा देणारी व्यवस्था टिकवून ठेवणाऱ्या कायद्यालाही या दोषातून मुक्त करता येणार नाही.

'ऐपत' या निकषाचा अपुरा स्वीकार

१९९९ च्या अधिनियमातील सर्वांत लक्षणीय तरतूद म्हणजे कलम ३ (१) (ख). त्यानुसार बँका, सार्वजनिक उपक्रम, परदेशी वकिलाती, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भागभांडवल असणाऱ्या कंपन्या यांना भाडेनियंत्रणाचे संरक्षण नाही. ज्याला परवडते त्याला संरक्षणाची गरज नाही, हे तत्त्व विधिमंडळाने येथे स्पष्टपणे स्वीकारले आहे.

मग हे तत्त्व कंपन्यांपाशीच का थांबले? दक्षिण मुंबईतील प्रशस्त सदनिकेत नाममात्र भाड्याने राहणारा संपन्न व्यावसायिक आणि लालबागच्या खोलीत राहणारे गिरणी कामगाराचे कुटुंब यांना हा कायदा एकाच पारड्यात तोलतो. शिवाय भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क मिळत असल्याने हे संरक्षण पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि वारसाच्या ऐपतीचा विचार कोठेही होत नाही. गरीब भाडेकरूला आधार देणे ही समाजाची जबाबदारी आहे. ती एकट्या मालकाने, आणि तीही श्रीमंत भाडेकरूसाठीसुद्धा, का उचलावी, या प्रश्नाचे उत्तर अधिनियमात सापडत नाही.

नवा मालक : गुंतवणूकदारापुढील प्रश्न

जुन्या भाडेकरूला भरभक्कम संरक्षण देणाऱ्या याच कायद्याने नव्या व्यवहारांसाठी अगदी उलट टोक गाठले. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे अनुज्ञप्तीच्या करारानुसार राहणारी व्यक्ती कायद्याने भाडेकरू नसते. मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून मालक ताबा मागू शकतो आणि दुप्पट दराने भरपाईही मागू शकतो. त्यामुळे आजचे बहुतेक निवासी व्यवहार याच मार्गाने होतात. १९७३ चा धडा मालकवर्ग विसरलेला नाही, एवढाच याचा अर्थ.

व्यवहारात मात्र लहान मालक येथेही ठेचकाळतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज अद्याप प्रचलित आहे. वस्तुतः कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे अनिवार्य असून ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध पुरावा नसल्यास, ग्राह्य धरले जाते आणि मालक शिक्षेसही पात्र ठरतो. काही हजार रुपये वाचवण्यासाठी साध्या मुद्रांकावर करार करणारा मालक आपले सर्वांत मोठे कायदेशीर कवच स्वतःच टाकून देतो.

आर्थिक बाजूही तपासण्यासारखी आहे. ८० लाख रुपयांची सदनिका दरमहा २२,००० रुपयांना दिली असे मानू. वार्षिक भाडे २,६४,००० रुपये, म्हणजे गुंतवणुकीच्या ३.३ टक्के. त्यातून एक महिना जागा रिकामी राहिल्याचे २२,००० रुपये, गृहनिर्माण संस्थेची वर्गणी व बिगरभोगवटा शुल्काचे ४८,०००, मालमत्ता कराचे १२,००० आणि दलाली व रंगकामाचे २२,००० वजा केल्यास १,६०,००० रुपये उरतात. हा परतावा दोन टक्के होय आणि त्यावर आयकर द्यायचा आहे. कर्ज काढून घेतलेल्या सदनिकेत हे उत्पन्न व्याजाच्या जवळपासही पोहोचत नाही. २०१७ पासून घरापासूनच्या तोट्याची इतर उत्पन्नातून वजावट वर्षाला दोन लाखांपुरती मर्यादित झाली. नव्या करप्रणालीत तर तीही मिळत नाही. म्हणजे भाडे हा या गुंतवणुकीचा आधार नसून किंमतवाढीची आशा हाच तिचा आधार आहे. ही आशा फोल ठरली तर निवृत्त माणसाची आयुष्यभराची पुंजी अडकून पडते.

इतक्या अल्प परताव्यासाठी ताबा गमावण्याची जोखीम नको, असा विचार करून अनेक मालक जागा कुलूपबंद ठेवतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागांत सुमारे १.१ कोटी घरे रिकामी आढळली. या सर्व घरांचे कारण भाडेकायदा नव्हे. परंतु घरांच्या टंचाईवर उपाय म्हणून आलेल्या कायद्याच्या धास्तीने घरे बाजाराबाहेर राहावीत, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे. यात अनुज्ञप्तीधारकाचेही नुकसानच आहे. दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवण्याची टांगती तलवार त्याच्या मुलांच्या शाळेवर आणि आईवडिलांच्या औषधोपचारावर परिणाम करते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात यांवर काही उपाय सुचवलेले आहेत. निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत, दुरुस्तीच्या जबाबदाऱ्यांची मालक व भाडेकरू यांच्यात स्पष्ट विभागणी आणि स्वतंत्र भाडे न्यायालये या त्यातील स्वागतार्ह बाबी होत. परंतु हा विषय राज्यांच्या अखत्यारीतील असून हा नमुना केवळ भावी करारांसाठी आहे. जुन्या चाळी आणि वाडे त्याच्या कक्षेबाहेरच राहतात.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. १९९९ च्या अधिनियमाने भाडे गोठवण्याची प्रथा शिथिल केली, परंतु इमारतीचे उत्पन्न व तिच्या देखभालीचे कर्तव्य यांची सांगड घातली नाही.

२. कंपन्यांच्या बाबतीत स्वीकारलेला ऐपतीचा निकष व्यक्तींना न लावल्याने संरक्षण गरजेनुसार न मिळता योगायोगाने मिळते.

३. जुन्या भाडेकरूला वंशपरंपरागत हक्क आणि नव्या रहिवाशाला जवळजवळ शून्य स्थैर्य, अशी दुभंगलेली व्यवस्था निर्माण झाली आहे.

४. दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च न पाहणारी करवजावट जुन्या इमारतींच्या देखभालीला मारक आहे.

यावर मार्ग म्हणून तीन गोष्टींचा विचार व्हावा. मासिक भाड्यातून वेगळा काढलेला आणि केवळ इमारतीवरच खर्च होईल असा दुरुस्ती निधी उभारावा व त्यात मालक, भाडेकरू आणि शासन या तिघांचा वाटा असावा. ऐपत असणाऱ्या भाडेकरूंचे भाडे टप्प्याटप्प्याने बाजारभावाकडे न्यावे आणि ऐपत नसणाऱ्यांच्या भाड्यातील तफावत सार्वजनिक निधीतून भरून काढावी. तसेच प्रत्यक्ष दुरुस्तीखर्चाला करात पूर्ण वजावट मिळावी. यांपैकी कोणताही उपाय भाडेकरूला रस्त्यावर आणणारा नाही.

चाळ आणि वाडा यांच्याविषयी मराठी मनाला ओढ आहे आणि ती खरी आहे. परंतु इमारतीचा भार ओढीवर तोलला जात नाही, तो तुळयांवर आणि भिंतींवर तोलला जातो. त्यांच्या दुरुस्तीचा खर्च कोणी आणि कशातून करायचा, याचे प्रामाणिक उत्तर कायद्याने दिल्याशिवाय मालकाचा हक्क आणि भाडेकरूचे संरक्षण हे दोन्ही शब्द पोकळच राहतील.